थंडी बाधते तेव्हा

प्रास्ताविक

'रात्रभर पावसात भिजलो, थंडी बाधली', 'भर दुपारी बाहेर पडू नकोस, ऊन बाधेल', अशी वाक्ये आपण सहज बोलतो. या वाक्यांतील कर्ता कोण ते पाहा. कर्ता माणूस नसून थंडी आहे, ऊन आहे. जणू ऋतूच माणसावर चाल करून येतो. चीनमधील प्राचीन वैद्यांनी याच कल्पनेवर रोगविचाराची मोठी इमारत उभारली. ती इमारत कशी होती आणि एका भयंकर साथीच्या काळात एका वैद्याला ती अपुरी का वाटली, हे प्रस्तुत पाठात आपण वाचणार आहोत.

मूळ पाठ

'ह्वांगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत तो आकाराला आला असावा, असे मानले जाते. त्याचा बराचसा भाग पौराणिक पीत सम्राट आणि त्याचे वैद्य यांच्या संवादांचा आहे. वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, दमटपणा, कोरडेपणा आणि अग्नी ही निसर्गाची सहा रूपे या परंपरेने मानली. ती आपापल्या ऋतूत, योग्य प्रमाणात असली की जीवनाला पोषक ठरतात. अवेळी आली किंवा त्यांचा अतिरेक झाला, की तीच रोगाला कारण होतात.

या सहांमध्ये वाऱ्याला अग्रस्थान आहे. वारा एका जागी स्थिर राहत नाही. म्हणून आज खांद्यात तर उद्या गुडघ्यात उठणारी वेदना वाऱ्याची मानली गेली. शिवाय तो एकटा येत नाही, थंडीला किंवा ओलाव्याला सोबत घेऊन शरीरात शिरतो. दमटपणा जड आणि चिवट. त्याने झालेला आजार लवकर हटत नाही. निसर्गात जे डोळ्यांना दिसते, तेच शरीरात घडते, अशी ही विचारपद्धती होती. हवा तर सर्वांना सारखीच, मग एकाच घरातील एकजण आजारी पडतो आणि दुसरा धडधाकट राहतो, असे का? त्याचेही उत्तर त्यांच्यापाशी होते. 'ची' म्हणजे प्राणशक्ती ज्याच्या ठायी बळकट, त्याच्या शरीरात बाहेरची बाधा शिरकाव करू शकत नाही.

पुढे इसवी सन 200 च्या सुमारास जांग जोंगजिंग या वैद्याने थंडीच्या बाधेवर स्वतंत्र ग्रंथ रचला. त्यामागे दुःख होते. त्याच्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती. दहा वर्षांच्या आत त्यांतील दोनतृतीयांश मरण पावली आणि त्यांपैकी दहांत सात थंडीच्या बाधेने गेली, असे त्याने प्रस्तावनेत नमूद केले आहे. हा ग्रंथ पुढील वैद्यांना जवळजवळ धर्मग्रंथासारखा झाला. अडचण उद्भवली ती तेथेच.

1641 मध्ये चीनच्या अनेक प्रांतांत साथ पसरली. सूचौजवळ ताई सरोवराच्या परिसरातील वू यौशिंग हा वैद्य ती पाहत होता. इतर वैद्य ग्रंथातील थंडीच्या बाधेचे उपचार करीत होते आणि रोगी दगावत होते. माणसे रोगाने नव्हे, तर उपचाराने मरत आहेत, इतक्या कठोर शब्दांत त्याने हे मांडले. पण दोष केवळ वैद्यांना देऊन तो थांबला नाही. प्राचीन ग्रंथांतच या रोगाचे ज्ञान उरलेले नाही, असे त्याने म्हटले. ग्रंथप्रामाण्याच्या त्या काळात असे म्हणायला धैर्य लागते.

1642 मध्ये लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने साथीचे कारण वारा, थंडी वा उष्मा नव्हे, असे सांगितले. हवामान तर दरवर्षीच बदलते. साथीमागे एक निराळेच, डोळ्यांना न दिसणारे विषारी द्रव्य असते. ते नाकातोंडावाटे शरीरात शिरते आणि प्रत्येक रोगाचे द्रव्य वेगळे असते. त्याचा पुरावा गोठ्यातला होता. गाईला रोग होतो तेव्हा मेंढीला होत नाही. कोंबड्या आजारी पडतात, बदके पडत नाहीत. कारण केवळ थंडी असती, तर ती साऱ्यांनाच बाधली असती! त्याने योजलेल्या प्रसिद्ध काढ्यात, आपल्या पानाच्या तबकात असते ती सुपारीही आहे.

वूजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. त्याला जंतू ठाऊक होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडला तो 1894 मध्ये. मात्र हवामानाचा विचार सर्वस्वी खोटा ठरला, असेही नाही. उष्माघाताने माणूस दगावतो आणि दमट भिंतीवरील बुरशी दमेकऱ्याला त्रासदायक ठरते. चिनी भाषेत सर्दीला आजही 'शांगफंग' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'वाऱ्याने झालेली इजा' असा आहे.

पाठगत प्रश्न

1. गाय आणि मेंढी यांच्या उदाहरणातून वू यौशिंगने कोणता निष्कर्ष काढला?
2. 'बाधणे' हे क्रियापद तुमच्या घरात आणखी कशाकशासाठी वापरतात? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.