भावाच्या मागें धांवणारा भाऊ

शास्त्रपाठ : निर्गम १५:२०-२१, गणना १२, इब्री १२:१-३

ह्या धड्यांत मिर्यामेचें चरित्र आहे. तें वर्गास शिकवितांना आपले उपदेशक बहुधा तिच्या कोडापासून आरंभ करितात आणि तेथेंच संपवितात. असें करूं नये. आधीं निर्गमाचा पंधरावा अध्याय उघडावा. तांबड्या समुद्राच्या पलीकडे गेल्यावर ही बाई हातांत डफ घेऊन सर्व स्त्रियांच्या पुढें निघाली. देवानें आपल्या धाकट्या भावाच्या हातून एवढें मोठें कार्य केलें, ह्याचा तिला आनंद झाला होता. पण गणनाच्या बाराव्या अध्यायांत तीच बहीण कुरकुरूं लागते. मोशेची कूशी बायको हें केवळ निमित्त. देव आमच्याही द्वारें बोलत असतां मान एकट्या मोशेसच कां, हें तिचें व अहरोनाचें खरें दुखणें होतें. परक्याचा मोठेपणा मनुष्य सहज सोसतो. पाठच्या भावाचा सोसत नाहीं, कारण तो आपल्याच ताटांत जेवून वाढलेला असतो.

आतां आपल्या काळांतील एक उदाहरण वर्गापुढें ठेवावें. तें खेळाचें आहे म्हणून कोणी नाक मुरडूं नये; इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानेंही शर्यतीचाच दाखला घेतला आहे.

इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत अ‍ॅलिस्टर व जॉनी ब्राउनली असे दोन भाऊ वाढले. थोरल्याचा जन्म १९८८ सालचा, धाकट्याचा १९९० सालचा. थोरल्याच्या मागोमाग धाकट्यानेंही ट्रायथलॉन नांवाची तिहेरी शर्यत पत्करली. तिच्यांत प्रथम १.५ किलोमीटर पोहावयाचें, लागलीच ४० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि तिच्यावरून उतरतांच १० किलोमीटर धांवावयाचें; मध्यें विसांवा नाहीं. २०१२ सालीं लंडन येथील ऑलिंपिकांत अ‍ॅलिस्टर पहिला आला. जॉनीस सायकलीवर ठरल्या रेषेच्या आधीं बसल्याबद्दल १५ सेकंद उभें राहण्याची शिक्षा झाली, तरी तो तिसरा आला. २०१६ सालीं रिओ येथें पुन्हा थोरला पहिला, आणि अवघ्या ६ सेकंदांनीं धाकटा दुसरा. इतकीं वर्षें धाकट्याच्या डोळ्यांपुढें थोरल्याची पाठच होती म्हणा ना.

येथें वर्गांतील कोणी विचारील कीं, भावास मागें टाकण्याची इच्छा धरणें हा हेवाच नव्हे काय? माझ्या मतें नव्हे. भावाच्या बरोबरीनें पाय उचलावे असें वाटणें हें कौतुकाचेंच रूप आहे. त्याचा पाय घसरावा असें वाटूं लागलें म्हणजे मिर्यामेची वाट सुरू झाली.

त्याच वर्षीं १८ सप्टेंबर रोजीं मेक्सिको देशांतील कोझुमेल बेटावर हंगामाची शेवटची शर्यत झाली. ती जिंकल्यास जॉनीस जगज्जेतेपदाची आशा होती. हवा उष्ण व दमट होती. जॉनी सर्वांच्या पुढें होता. परंतु शेवट कांहींशें मीटरांवर आला असतां त्याचे पाय लटपटूं लागले व तो रस्त्याच्या कडेस झुकला. वैशाखांतल्या भर दुपारीं शेतांत उन्हाची भोंवळ आलेला गडी ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें अधिक सांगणें नको. मागून अ‍ॅलिस्टर आणि दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन येत होते. अ‍ॅलिस्टरास पुढें निघून जाऊन जिंकण्याची संधि होती. त्यानें भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला सांवरीत तो चालला. स्कूमन पुढें जाऊन पहिला आला. शेवटच्या रेषेवर अ‍ॅलिस्टरनें धाकट्यास आपल्या पुढें लोटलें. जॉनी दुसरा, आपण तिसरा. जगज्जेतेपद मात्र ४ गुणांच्या फरकानें स्पेनच्या मारिओ मोलास गेलें. अशी मदत त्या दिवशीं नियमांत बसत होती. पुढें नियम बदलून ती मना करण्यांत आली. आणि त्यानें बेताबेतानें धांवावयास हवें होतें, अशी भावाची कानउघाडणी करण्यासही अ‍ॅलिस्टर चुकला नाहीं! २०२१ सालीं टोकियो येथें मिश्र संघाच्या शर्यतींत जॉनीस ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळालें, तेव्हां थोरला भाऊ त्या संघांत नव्हता.

ह्यानंतर पुन्हा गणना १२ वाचावें. बहिणीनें ज्याची निंदा केली, तोच भाऊ तिच्यासाठीं देवाचा धांवा करितो. ती सात दिवस छावणीबाहेर राहिली, आणि तितके दिवस सगळ्या लोकांचा मुक्काम हलला नाहीं. वचनदत्त देशाकडे निघालेली एवढी प्रजा एका निंदक बहिणीसाठीं खोळंबली, ही गोष्ट आपण फार घाईनें वाचून जातों.

आपल्या मंडळ्यांत अशीं घरें पुष्कळ आहेत. एक भाऊ शिकून शिक्षक किंवा उपदेशक होतो. दुसरा घरीं नांगर धरतो, आणि पहिल्याची फी बहुधा त्याच नांगरांतून निघालेली असते. रविवारच्या प्रार्थनेंत शिकलेल्याचें नांव निघतें, नांगर धरणाऱ्याचें निघत नाहीं. मग कांहीं वर्षांनीं घराची वांटणी होते, दोघे भाऊ उपासनेंत दोन टोकांस बसूं लागतात, आणि पंच मंडळी बांधाचें भांडण म्हणून तें मिटवावयास जाते. बांध हें निमित्त असतें, जशी ती कूशी बायको होती. उलट कोणी भावाचें एवढें स्तोम माजवितो कीं, आमचा दादा आहे म्हणून स्वतः शास्त्राचें पान उलटावयाचें नाहीं. हेंही कौतुक नव्हे. दादा धांवतो आणि हा बांधावर बसून टाळ्या वाजवितो.

उपदेशकांनीं वर्गांत प्रत्येकास आपल्या भावाचें किंवा बहिणीचें एक कष्टाचें काम नांव घेऊन सांगावयास लावावें. ज्यांचें आपसांत बोलणें बंद आहे त्यांस चारचौघांत भाग पाडूं नये. त्यांच्या घरीं त्याच आठवड्यांत जावें, आणि गणना १२ चें पंधरावें वचन तेथें बसून वाचावें.