व्हिडिओ बघतात पुष्कळ, पण माल का जात नाही?



काकवी, हळद, आंतरपिकाचा भुईमूग असा घरचा माल विकण्यासाठी आपल्यापैकी काहींची मुले मोबाईलवर व्हिडिओ टाकतात. (नोंदीचा ऊस मात्र कारखान्यालाच घालायचा, हे काकवीच्या भरात विसरू नये!) व्हिडिओ पुष्कळ जण बघतात, पण माल जातोच असे नाही. बघणाऱ्याला माल घ्यावासा वाटतो, त्या घटकेलाच त्याच्या बोटाखाली खरेदीची वाट असावी लागते. ती शोधत बसावे लागले की गिऱ्हाईक पुढे सरकले म्हणून समजा.

चीनमध्ये ताओबाओ या खरेदी-विक्रीच्या ॲपने 2016 साली थेट प्रक्षेपणातून विक्री सुरू केली. तिथला शेतकरी बागेत उभा राहून बोलतो, फळ कापून दाखवतो. पडद्यावर मालाचे चित्र व किंमत असते. बघणारा तिथेच प्रश्न लिहितो, शेतकरी तिथल्या तिथे उत्तर देतो आणि बोट दाबून मागणी नोंदवली जाते. बाजारात गिऱ्हाईक माल हाताळून बघते, ते काम इथे प्रश्नोत्तरे करतात.

यूट्यूबचे गणित निराळे. 2008 साली त्यांनी व्हिडिओवर दाबता येतील अशा चौकटी आणल्या. त्या संगणकावर चालत, मोबाईलवर चालत नसत. लोक मोबाईलवर बघू लागले तशा त्या निरुपयोगी झाल्या व 15 जानेवारी 2019 पासून बंदच झाल्या. आता व्हिडिओच्या शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत दाबता येणारी चित्रे ठेवता येतात; पण तेथून आपल्या संकेतस्थळावर नेण्याची सोय भागीदार योजनेतील चॅनेललाच मिळते. 'शॉर्ट्स'च्या वर्णनात वा कॉमेंटमध्ये टाकलेली लिंक तर ऑगस्ट 2023 अखेरपासून दाबलीच जात नाही. नवख्याचे घोडे नेमके इथे अडते.

तेव्हा नव्या माणसाने व्हॉट्सॲपचा नंबर पडद्यावर ठळक ठेवावा आणि तोंडानेही सांगावा. तोही अगदी शेवटी नव्हे, तर काकवीची धार पडताना दाखवता तेव्हा! वजन आणि पाठवणीच्या खर्चासह किंमत त्याच वेळी सांगून टाकावी. खाण्याचा माल असल्याने एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्यावी. बाटल्या 20 असतील तर 20च सांगाव्यात. आणि माल संपला की वर्णनात तसे लिहावे, कारण हंगाम संपला तरी व्हिडिओ फिरतच राहतो आणि फोन येतच राहतात.