विड्यांचे सूप आणि घरातील वारसा

जबलपूरमधील सदर ही लष्करी छावणीच्या आश्रयाने वाढलेली बाजारपेठ. जबलपूर शहराचे नाव मात्र विडीनेही दूरवर नेले. १८९९ च्या दुष्काळात गुजरातेतून निघालेली काही कुटुंबे मध्य प्रांतात आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतील पटेल मंडळींनी येथे हा व्यवसाय उभारला. तेंदूची जंगले जवळ होती, रेल्वे वाढत होती; व्यवसाय गोंदिया, भंडाऱ्यापर्यंत पसरला. दुष्काळाने हुसकलेल्यांच्या या उद्योगावर गरिबांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. ‘पोसल्या’ हा शब्द येथे सैल अर्थानेच घ्यावा.

विडी बहुधा घरीच वळली जाते. सट्टेदार पाने व तंबाखू मोजून देतो आणि मजुरी हजारी ठरते. सदोष म्हणून काढलेली ‘छाट’ मजुरीत धरली जात नाही. पाने कमी पडल्यास ती पदरमोड करून आणावी लागतात. एकट्या स्त्रीला रोज हजार विड्या वळणे जड जाते, म्हणून मुलगी शेजारी येऊन बसते. आधी ती विडीचे तोंड दुमडते, मग दोरा बांधते, आणि एक दिवस सूप तिच्याच मांडीवर येते. तोवर शाळा सुटलेली असते. हेच कसब घेऊन ती सासरी जाते.

कसबाबरोबर आणखीही काही जाते. जेथे आईची मजुरी बापाच्या हाती जाते आणि त्याचा राग तिच्या पाठीवर उतरतो, तेथे मुलगी ते रोज पाहते, मुलगाही पाहतो. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले, की जिच्या आईला बापाने मारले, तिच्या वाट्याला नवऱ्याची मारहाण येण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट होते. हा रक्तातील दोष नव्हे.

कायदा बराच काळ उंबरठ्यापाशी थांबला. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकामास मुले लावण्यास मनाई केली. पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या घरकामास त्यात सूट होती, आणि विडी तर घरीच वळली जात होती! नवऱ्याच्या क्रौर्याला १९८३ मध्ये फौजदारी गुन्हा ठरवण्यात आले. मारहाण झालेल्या स्त्रीला त्याच घरात राहण्याचा हक्क मात्र २००५ च्या कायद्यानेच स्पष्टपणे दिला.

त्याच वर्षी प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांचा केरळमधील अभ्यास प्रसिद्ध झाला. जमीन वा घर नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती; दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. जिला जाण्यास ठिकाण आहे, तिच्यावर हात उगारताना नवरा बिचकतो.

सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभारली. खर्चाचा भार केंद्र व राज्य सरकारांबरोबर या स्त्रियांनीही उचलला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या त्यांना मिळाल्या. त्या घरांतही पुढे विड्याच वळल्या गेल्या.