वेग आणि संयम

सायकलची शर्यत म्हटली की, जो आरंभापासून जोराने दौडतो तोच जिंकतो, असे सामान्यतः वाटते. परंतु ‘स्प्रिंट’ या शर्यतीचा प्रकार निराळा आहे. दोन स्पर्धक धावपट्टीवर उतरतात आणि इतक्या सावकाश चालू लागतात की, त्यांना जिंकावयाचे आहे की नाही, अशी शंका यावी! कधी कधी तर ते तोल सांभाळीत जागच्या जागी उभे राहतात.

यामागे कारण आहे. पुढे असणाऱ्याला वाऱ्याचा विरोध मोडीत जावे लागते; मागच्याला त्याचा आडोसा मिळून श्रम कमी पडतात. म्हणून दोघेही परस्परांवर नजर ठेवून योग्य क्षणाची वाट पाहतात. मग शेवटच्या फेरीच्या सुमारास एकजण एकाएकी बाणासारखा सुटतो आणि काही सेकंदांतच जय-पराजयाचा निर्णय लागतो. धावपट्टी वळणावर भिंतीसारखी उभी असते आणि या सायकलींना ब्रेक नसतात. एका क्षणाची घाई किंवा दिरंगाई झाली की डाव हातचा गेला!

या कठीण खेळात फ्रान्सच्या फेलिसिया बालांजे हिने अक्षय कीर्ती मिळविली. तिचा जन्म १२ जून १९७१ रोजी पश्चिम फ्रान्समधील ला रोश-स्यूर-योन या गावी झाला. तिच्या आईला सायकलशर्यतींची मोठी आवड. इटलीचा विख्यात सायकलपटू फेलिचे जिमोंदी याच्या नावावरून तिने मुलीचे नाव फेलिसिया ठेवले. मुलीनेही ते नाव सार्थ केले. १९८८ साली ती कनिष्ठ गटात स्प्रिंटची जगज्जेती झाली.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. १९९२ साली बार्सिलोना येथील ऑलिंपिकमध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत नेदरलँड्सच्या इंग्रिड हारिंगाने तिला हरविले. फेलिसिया चौथी आली. पदके तिघींनाच मिळतात. चौथीच्या हाती काहीच येत नाही. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

तिने खेळ सोडला नाही. स्प्रिंटमध्ये दोनदा ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेले दानिएल मोरलाँ यांचे मार्गदर्शन तिला लाभले. १९९५ साली तिने स्प्रिंट आणि ५०० मीटरांची कालशर्यत या दोन्हींत जागतिक अजिंक्यपद पटकाविले. कालशर्यतीत प्रतिस्पर्धी समोर नसतो. घड्याळाशीच झुंज असते. तेथे वाट पाहून चालत नाही, पहिल्या क्षणापासून सारे बळ ओतावे लागते. एकीत संयमाची कसोटी, तर दुसरीत निखळ वेगाची! हे दोन्ही गुण तिच्या ठायी एकवटले होते. म्हणूनच १९९५ ते १९९९ या पाच वर्षांत तिने दोन्ही शर्यतींची मिळून दहा जागतिक अजिंक्यपदे मिळविली.

१९९६ साली अटलांटा येथे ती पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरली. या वेळी ऑस्ट्रेलियाच्या मिशेल फेरिसला हरवून तिने सुवर्णपदक जिंकले. तिसरी आली ती हारिंगा!

२००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ५०० मीटर कालशर्यत प्रथमच घेण्यात आली. फेलिसियाने ते अंतर ३४.१४० सेकंदांत कापले. दुसरी आलेली फेरिस सुमारे अर्ध्या सेकंदाने मागे राहिली. पाठोपाठ स्प्रिंटमध्येही रशियाच्या ओक्साना ग्रिशिनाला नमवून तिने तिसरे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर, यशाच्या शिखरावर असतानाच, तिने शर्यतींचा निरोप घेतला.

बार्सिलोनात रिकाम्या हातांनी परतलेल्या खेळाडूने पुढील आठ वर्षांत हे सारे साधले. स्प्रिंटमध्ये मागे राहिलेला स्पर्धक हरलेला नसतो; धीर न सोडता तो आपल्या क्षणाची तयारी करीत असतो. फेलिसियाच्या जीवनातही हेच घडले.

स्वाध्याय

१. स्प्रिंटमधील स्पर्धक आरंभी सावकाश का चालतात?
२. स्प्रिंट आणि कालशर्यत यांतील फरक सांगा.
३. ‘नाव सार्थ करणे’, ‘डाव हातचा जाणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.