शिलाईवर कर?

मुखेडच्या बाजारात आपण कापड घेतो. मग ते शिंपीमामांकडे शिवायला टाकतो. कापड हा माल झाला. शिवणे हे काम झाले.

१९५९ साली मुंबई राज्याने विक्रीकराचा कायदा केला. तो कर मालाच्या विक्रीवर होता. राज्यांना घटनेने विक्रीकराचा अधिकार दिला, तोही मालापुरताच. म्हणून नुसत्या शिलाईवर विक्रीकर नव्हता.

समजा, तो शिलाईवर आला असता तर? मामा म्हणाले असते, "भाऊ, दुकानदाराकडं माल हाय, वही हाय. माझ्यापाशी एक मशीन अन् दोन हात. हा कर मी तुमच्याकडूनच घेणार की!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. कर शेवटी गिऱ्हाइकावरच येतो.

१९९४ साली केंद्र सरकारने सेवाकर सुरू केला. आधी टेलिफोन, विमा, शेअरदलाल एवढ्यांवरच. १९९७ साली तो ट्रकच्या भाड्यावर आला. ट्रकवाल्यांनी कडाडून विरोध केला. १९९८ साली तेथून तो उठवावा लागला.

१ जुलै २०१७ पासून माल आणि काम दोन्हींवर एकच कर आहे, जीएसटी. त्यात राज्याचाही वाटा असतो. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली, तर मामांसारख्या कारागिराला सहसा नोंदणी लागत नाही. शेताची नांगरट आणि मळणी यांच्या मजुरीवरही हा कर नाही.

नोंदणी नसलेल्याला हा कर घेता येत नाही. बिलात कर लावला असेल, तर जीएसटीचा नंबर बघा. आकडे आणि अक्षरे मिळून तो १५ चा असतो. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. नंबर दिसला नाही तर सरळ विचारा, "दादा, हा कर कशाचा?"