वाहन-परवाना, ओळखपत्र आणि गाडीची नोंदणी : नागरिकशास्त्राच्या पाठासाठी टिपण

गेल्या पावसाळ्यात एका शाळेस भेट दिली असता सातवीतील एक विद्यार्थी वडिलांची मोटारसायकल चालवीत फाटकाशी आला. गुरुजी कौतुकाने म्हणाले, "गाडी उत्तम चालवितो, साहेब." ते खरेही होते. परंतु चालविता येणे निराळे व चालविण्याचा अधिकार असणे निराळे. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून वाहन चालविता येत नाही. ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीस १६ वर्षांची सवलत आहे खरी. पण गावात दिसणाऱ्या मोटारसायकली बहुधा १०० सी.सी. वा अधिक शक्तीच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक वा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा असून गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. त्या मुलास तर वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे पालकसभेत अवश्य सांगावे.

शिकाऊ परवाना हाती पडताच मित्रास मागे बसवून फिरता येईल काय, असे मुले हटकून विचारतात. येत नाही. हा परवाना सहा महिन्यांचा असतो, पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते, आणि तोवर परवानाधारक शिकविणारा सोबत लागतो.

आता आपल्याशी संबंधित भाग. आधार कार्डाने ओळख पटते. जन्मतारीख सिद्ध होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात आधारापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य मानली. म्हणजे आपण जनरल रजिस्टरात लिहितो त्या एका ओळीवर पुढे बरेच काही अवलंबून असते. माझ्या दाखल्यावर १ जून आहे. आई मात्र सांगे की मी दिवाळीच्या सुमारास जन्मलो. त्या काळी शाळेत नाव घालताना अंदाजाने हीच तारीख सर्रास टाकीत. आज प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला पाहूनच तारीख लिहावी, अंकी व अक्षरी दोन्ही, आणि खाडाखोड होऊ देऊ नये.

नोंदणीचा भाग बाजाराच्या दिवशी घ्यावा. मुलांनी पाट्या वाचाव्यात : एम.एच. ०९ कोल्हापूर, ११ सातारा, १२ पुणे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे नूतनीकरण. जुनी गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. तसे न झाल्यास कागदोपत्री मालक जुनाच राहतो, व अपघात झाला तर नोटीस त्याच्याच दारी येते.