रंगांची ओळख : खेळातून

रंगांची नावे मुलांकडून पाठ करून घेणे सोपे असते. रंग पाहण्याची सवय मात्र सावकाश लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे रूप दिले. रंगांच्या बाबतीतही हाच मार्ग उपयोगी पडतो.

हळदीच्या पाण्यात पांढरा कागद बुडवून वाळवावा. साबणाच्या पाण्यात काडी बुडवून मुलाला त्यावर चित्र काढू द्यावे. पिवळ्या कागदावर तांबूस रेघ उमटते; तिच्यावर लिंबाचा रस टाकताच ती पुन्हा पिवळी होते. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाने तांबडे होते व आम्लाने पूर्ववत होते, हे कारण मागाहून सांगावे. हळदीचा डाग धुताना लाल का होतो, हे मूल मग स्वतःच ओळखते.

दुसऱ्या खेळात पिवळ्या जलरंगात निळा रंग थेंबाथेंबाने मिसळावा. काय होईल, ते आधी सांगू नये. प्रत्येक थेंबागणिक निराळा हिरवा रंग तयार होतो. या छटा अंगणातील पानांशी ताडून पाहाव्यात. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, हेही तेव्हाच ध्यानात येते.

म्हणूनच मुलाने पान तांबडे रंगविले, तर ते खोडून टाकण्यापूर्वी शिक्षकाने एकदा झाडाकडे पाहावे.